धसका मनाला बसतो, सोसतं मात्र काळीज

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावं नुकतीच झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूरचं किल्लारी, धाराशिवचं सास्तूर आणि आजूबाजूची गावं ढिगारा झाली. साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. मागे उरलेल्या कुणी अंथरूण धरलं की लोक म्हणायचे, ‘त्यानं हाय खाल्ली.’ या बोलण्यात तथ्य आहे. तरीही मनाचा आघात आणि हृदय यांविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : मनाचं दुखणं मनातच राहतं.

वस्तुस्थिती : भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात, ठोके आणि रक्तदाब वाढतात. धोका टळल्यावर सगळं खाली यायला हवं. मोठ्या किंवा वारंवार झालेल्या आघातानंतर मात्र शरीर सदैव सावध राहू शकतं. झोप उडते, तंबाखू-दारू वाढते, रक्तवाहिन्यांचा दाह वाढतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये हृदयविकाराच्या प्रमुख कारणांत धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांच्याबरोबर मानसिक ताणही मोजला.

गैरसमज २ : धक्का ओसरला, आता भीती नाही.

वस्तुस्थिती : किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ला लॉस एंजेलिसजवळ भूकंप झाला. तिथे आदल्या आठवड्यात हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू दिवसाला सरासरी ४.६ होते; त्या दिवशी ते २४ झाले. हा झाला तातडीचा धोका. दुसरा वर्षानुवर्षं मुरतो. २१ मार्च २०२४ला हिंगोली-नांदेड परिसर हादरला. ज्यांनी किल्लारी पाहिली, त्यांच्या काळजात अशा प्रत्येक धक्क्याला पुन्हा धस्स होतं.

गैरसमज ३ : लहानपणी सोसलेलं मोठेपणी विसरलं जातं.

वस्तुस्थिती : अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली हिंसा, व्यसनं अशा चार किंवा अधिक प्रकारच्या आघातांतून गेलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं.

गैरसमज ४ : खचतात ती कच्च्या मनाची माणसं.

वस्तुस्थिती : किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्यांची एक छोटी पाहणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार होता. आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य त्यात प्रमुख. एवढी सगळी माणसं कच्च्या मनाची कशी असतील? २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. तसला दुष्काळ, वर कर्ज, त्यात घरच्या कर्त्याची आत्महत्या; हेही आघातच. ‘बाप्याने रडू नये’ म्हणत ते गिळणाऱ्याच्या शरीराला त्याची किंमत मोजावी लागते.

गैरसमज ५ : दुःखाने छातीत दुखतंय, टेन्शन किंवा गॅस असेल.

वस्तुस्थिती : तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू अचानक दुबळा पडू शकतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये या आजाराला ‘ताकोत्सुबो’ नाव दिलं. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो अधिक दिसतो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण हा आजार की हार्ट अटॅक, हे घरी बसून ओळखता येत नाही. छातीत दाब, दम लागणं, घाम, जबडा किंवा पाठ दुखणं जाणवलं, तर १०८ला फोन करा. ईसीजी काढल्याशिवाय ‘गॅस’ म्हणू नका.

गैरसमज ६ : आघात झाला, म्हणजे हृदयरोग नशिबातच आला.

वस्तुस्थिती : धोका वाढतो, तो अटळ नसतो. रक्तदाब आणि साखर तपासून घेणं, तंबाखू सोडणं, रोज चालणं आणि मनावर उपचार घेणं, यांनी तो कमी करता येतो. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार मिळतात. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.

पुढच्या वेळी रक्तदाब मोजायला दवाखान्यात बसाल, तेव्हा डॉक्टरांना आपल्यावर काय गुदरलं तेही सांगा. गोळ्यांच्या चिठ्ठीइतकीच ती हकिकत महत्त्वाची आहे.