कान्हेरीच्या कातळातले पाणी

कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी धरावी, तेथून बोरिवली गाठावी आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरावे, म्हणजे कान्हेरीची वाट सापडते. मुंबई आणि ठाणे जिल्ह्यांत पसरलेल्या, शंभरावर चौरस किलोमीटरच्या आणि आजही बिबट्याचा संचार असलेल्या या संरक्षित अरण्यात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे एक हजार वर्षे बौद्ध भिक्षुसंघासाठी शंभराहून अधिक लेणी काळ्या कातळात कोरली गेली.

प्रवाशांची पावले प्रथम तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे वळतात, आणि त्याच्या ओसरीतील सुमारे ७ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती पाहिल्या की ते स्वाभाविकच वाटते. परंतु येथे माणसे राहत कशी होती, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने एखाद्या साध्या विहाराच्या अंगणात थांबावे. ओसरीत भिंतीलगत दगडी बाक, आत निजावयाची अंधारी खोली आणि अंगणाच्या कडेला टाक्याचे चौकोनी तोंड; वर पाहावे तो उतारावर खोदलेल्या पन्हळी दिसतात, ज्यांतून डोंगरमाथ्यावरचे पाणी त्या टाक्यात उतरे. चार महिन्यांच्या पावसावर बाकीचे आठ महिने काढण्याची ही तजवीज नसती, तर भिक्षूंचा वर्षावास संपताच हा डोंगर ओस पडला असता.

पाण्यावाचून वसाहतीची काय गत होते, याचा दाखला अमेरिकेतील मेसा वर्दे येथे मिळतो. तेथे प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी कड्यांच्या कपारीत दगडी घरे बांधली; मात्र तेराव्या शतकाच्या अखेरीस दीर्घ अवर्षण पडले आणि इतर संकटांची त्यात भर पडून ती घरे सोडून जाण्याची पाळी त्यांच्यावर आली. १९०६ पासून तो प्रदेशही राष्ट्रीय उद्यान आहे.

कान्हेरीचे शिलालेख म्हणजे दगडावरचे दानांचे दप्तरच होय. त्यात राजांची नावे आहेत, सोपारा आणि चौल येथील दाते आहेत, आणि आपल्या कल्याणचेही आहेत: एका सोनाराने येथे पाण्याचे टाके दिले, एका लोहाराने वाट करून दिली. आपल्याच मुलखातील कारागिरांनी परक्या तहानेची चिंता वाहून जे निर्माण केले, त्या टाक्यांत कचरा न टाकणे आणि त्या भिंतींवर नावे न कोरणे, एवढे तरी आपण, त्यांच्या वारसांनी, कटाक्षाने पाळलेच पाहिजे.