डबे वेगळे, इंजिन एकच!
ठाण्याला जाताना लोकलमध्ये अँड्रॉइड फोनवर ऑपेरा उघडा, एज उघडा, नाहीतर चेन्नईच्या झोहोचा 'उला'; आतलं इंजिन गूगलच्याच क्रोमियमचं! म्हणजे गूगलनं दिशा बदलली की बाकीच्यांचीही फरफट.

म्हणूनच 'लेडीबर्ड'वर लक्ष ठेवा. अँड्रियास क्लिंग आणि गिटहबचा सहसंस्थापक ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांनी २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था काढली. फंडा सरळ आहे: इंजिन दुसऱ्या ब्राउझरकडून उसनं घ्यायचं नाही, जाहिराती नाहीत, सर्च कंपन्यांशी डील नाही, खर्च देणग्यांतून. लिनक्स आणि मॅकवरच्या अल्फा आवृत्तीसाठी त्यांनी २०२६ हे साल ठरवलं.

एवढा खटाटोप कशाला? एक इंजिन बंद पडलं की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात, हे डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको!