हंटर आयोगापुढील कैफियत आणि ओझरचा मास्तर

शिक्षक घडविण्याचे शास्त्र या विषयाचे वेड मला कित्येक वर्षे आहे, आणि त्या वेडापायी जी क्रमिक पुस्तके, टाचणवह्या, अहवाल व परिपत्रके माझ्या हाती आली, त्यांतील ज्या एका कागदाने मला पुन:पुन्हा आपल्याकडे ओढून नेले तो कागद कोणा अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्याने लिहिलेला नाही. तो पुण्याच्या जुना गंज पेठेतील एका गृहस्थाने लिहिलेला असून आपली ओळख त्याने व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. तारीख १९ ऑक्टोबर १८८२. हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सादर केलेली ही इंग्रजी कैफियत धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी १९६९ मध्ये संपादिलेल्या समग्र वाङ्मयामुळे सर्वांस सुलभ झाली; परंतु बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, या तीतील मागणीवरच वाचकांची दृष्टी खिळते, आणि शिक्षकाविषयीचा परिच्छेद, जो माझ्या मते त्या कागदाचा गाभा आहे, तो बहुधा नजरेआड राहतो.

पूर्वपीठिका वाचकांस ठाऊक आहे. मुंबईच्या शिक्षण मंडळीने तयार करून १८२६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत धाडलेले चोवीस पंतोजी, १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांकडे आलेला नॉर्मल वर्ग, अहमदनगरला सिंथिया फरारबाईंच्या हाताखाली झालेले सावित्रीबाईंचे प्रशिक्षण, आणि शिक्षकांच्या शिक्षणाची सोय करावी असे बजावणारा १८५४ चा वुडचा खलिता, हे टप्पे सांगून मी थेट त्या परिच्छेदाकडे येतो.

जोतीराव प्रथम वस्तुस्थिती मांडतात. प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण, त्यांतले थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले, बाकीचे अप्रशिक्षित म्हणजे ‘अनट्रेंड’. दरमहा मुशाहिरा क्वचितच दहा रुपयांच्या वर, आणि विद्याही तितकीच तुटपुंजी. त्यानंतर ते तजवीज सुचवितात. शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून तयार करावेत, कारण रयतेत मिसळणे आणि तिच्या गरजा ओळखणे त्यांस सोपे जाईल. प्रसंग पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्यास लाज वाटणार नाही, असा माणूस त्यांस हवा आहे. प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात नेहमीच्या विषयांबरोबर शेतकी व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस असावा. आणि गावगाड्यात शिक्षकाचे वजन वाढावे म्हणून गावच्या जमाखर्चाची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल किंवा स्टँपविक्री यांपैकी एखादे काम त्याजकडे सोपवावे. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टराच्या भेटीने काही साधत नाही. तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी, आणि अधूनमधून ती आगाऊ वर्दी न देता व्हावी, असेही त्यांनी नोंदविले आहे.

हा मजकूर मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा माझा आदर वाढतो, तो यासाठी की शिक्षकाचा प्रश्न केवळ पाठ कसा द्यावा एवढाच नसून तो कोठून येतो, कोणात वावरतो, काय खातो आणि गाव त्यास काय समजते, या सर्वांचा मिळून तो एक प्रश्न आहे, असे ज्याने ओळखले त्याने स्वत: पत्नीसह वर्षानुवर्षे शाळा चालविली होती, आणि आयोगापुढे साक्ष देणाऱ्या कित्येक अधिकाऱ्यांस हा अनुभव नव्हता.

आयोगाने ट्रेनिंग शाळा वाढविण्याची शिफारस केली, आणि त्या वाढल्याही. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये उघडले, पुढे बी. टी. आली, तिची बी. एड. झाली. परंतु या संस्थांत अभ्यासक्रमाचा कणा ठरला तो योहान हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाचा, किंबहुना त्याच्या चार पायऱ्यांच्या पाच करणाऱ्या त्सिलर आणि राइन या अनुयायांचा: प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. त्यावर पुढे अमेरिकेतून सूक्ष्म अध्यापन आले, ज्यात सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटांचे प्रत्याभरण, बारा मिनिटांचे पुनर्नियोजन आणि पुन्हा सहा-सहा मिनिटे, असे छत्तीस मिनिटांचे चक्र आपल्याकडे रूढ झाले. ही कौशल्ये व्यर्थ आहेत असे मी म्हणत नाही. प्रश्न विचारून किती क्षण थांबावे, फळ्याचा कोणता भाग कशासाठी राखावा, हे शिकावेच लागते. परंतु शेतकी आणि आरोग्य यांस या चौकटीत जागा मिळाली नाही. हाताच्या कामास शिक्षणाच्या मध्यभागी आणण्याचा मोठा प्रयत्न १९३८ मध्ये वर्ध्याच्या विद्यामंदिर ट्रेनिंग शाळेने केला, आणि हस्तव्यवसायावर आधारलेली ही नई तालीम सरकारी शाळांत ओसरली तसा तोही ओसरला.

नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या परिसरात मी पाहिलेला एक सराव पाठ येथे सांगितला पाहिजे. विषय सिंचनाच्या पद्धती. छात्राध्यापकाची टाचणवही नमुनेदार होती: घटक, उपघटक, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, अध्ययन अनुभव, फलकलेखन, स्वाध्याय, सारे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले, ठिबकाचा रंगीत तक्ता त्याने रात्र जागून काढला होता. प्रस्तावनेचे प्रश्न झाले, हेतुकथन झाले, आणि प्रतिपादनाच्या मध्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, ड्रिपर चोकअप झाले तर ॲसिड किती सोडायचं?” वर्गातील बहुतेक मुले द्राक्षबागाइतदारांची, प्रश्न ऐकताच सारी सावरून बसली. छात्राध्यापक क्षणभर थांबला, नंतर पाहू म्हणाला आणि तुलनेच्या पायरीकडे वळला, कारण मागे वही घेऊन निरीक्षक बसले होते व तास पस्तीस मिनिटांचा होता. तास संपल्यावर व्हरांड्यात त्याच मुलास त्याने पाण्याचा सामू, ॲसिडचे प्रमाण, नळीच्या शेवटच्या टोकाशी घ्यावयाची परीक्षा आणि लॅटरल धुऊन काढण्याची रीत इतक्या नेमकेपणाने सांगितली की आणखी पाचसहा मुले भोवती जमली. तो स्वत: निफाड तालुक्यातील बागाइतदाराचा मुलगा होता, खरड छाटणी आणि गोडी छाटणी त्याने हातात कात्री धरून केली होती. त्या दिवशीचा सर्वोत्तम पाठ व्हरांड्यात झाला, आणि त्यास गुण देण्याची सोय कोणत्याच तक्त्यात नव्हती.

जोतीरावांच्या दोन मागण्यांचे भवितव्य मला त्या व्हरांड्यात स्पष्ट दिसले. पहिली मागणी, शिक्षक रयतेतून यावा ही, या जिल्ह्यात पुरी झाली. सत्यशोधक विचाराच्या प्रेरणेतून १९१४ मध्ये उभा राहिलेला मराठा विद्या प्रसारक समाज, त्याच वर्षीचे उदोजी मराठा वसतिगृह, रावसाहेब थोरात, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे, भाऊसाहेब हिरे यांची खटपट, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरीतील शिक्षकांसाठी उघडलेली बी. एड. ची वाट, या सर्वांमुळे कुणब्याचा मुलगा आणि मुलगीही फळ्यापाशी उभी राहिली. दुसरी मागणी, त्याच्या घरच्या ज्ञानास प्रशिक्षणात मान मिळावा ही, तशीच राहिली.

मुशाहिऱ्याचे म्हणाल तर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे काढणाऱ्या प्राथमिक शिक्षकाचे मानधन २०२३ मध्ये सोळा हजारांवर आले, ते त्यापूर्वी सहा हजार होते. गावच्या कामात त्यास गोवावे ही सूचना मात्र विपरीत रीतीने अंमलात आली: जोतीरावांना अभिप्रेत होते ते प्रतिष्ठा वाढविणारे पद, शिक्षकाच्या वाट्यास आल्या त्या याद्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, निवडणूक व आपत्ती यांखेरीज अन्य कामे निषिद्ध ठरविली, हे योग्यच झाले.

आणि तरीही जोतीरावांच्या सूचनेस अनुकूल अशी जागा याच ओझरात आहे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात ज्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, त्यांतील ओझरच्या तीन संस्थांची नावे बाणगंगा, जय योगेश्वर आणि महात्मा फुले अशी आहेत. शेतकऱ्यांनी पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यावे, आपसात वाटावे आणि पट्टी स्वत: वसूल करावी, हा त्यांचा शिरस्ता, त्यासाठी मोजमाप, नोंदवही, ताळेबंद आणि सभा सर्व काही लागते. गणित, भूगोल, नागरिकशास्त्र आणि विज्ञान येथे एकाच दप्तरात भेटतात.

२०१५ पासून बी. एड. दोन वर्षांची झाली असून शाळेशी निगडित अनुभवासाठी तीत वीस आठवडे राखले आहेत. त्यांपैकी दोन आठवडे ओझरच्या छात्राध्यापकांनी पाणीवापर संस्थेच्या दप्तरात काढावेत, आवर्तनाच्या काळात चारीवर जाऊन विसर्ग मोजावा, एका हंगामाची पाणीपट्टी तपासून तीवर आठवीच्या गणिताचे पाठ रचावेत, आणि ते पाठ त्याच गावच्या मुलांपुढे देऊन त्यांवरच गुण मिळवावेत, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी कायद्यात बदल नको, अनुदान नको. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने मंजुरी द्यावी आणि संस्थेच्या सचिवांस एक पत्र धाडावे, एवढे पुरेल.