योग्यता आणि प्रकार : आज्ञावलीच्या स्थैतिक परीक्षणासंबंधी

वाक्यापासून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक आहेत, असे अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात प्रतिपादिले आहे. ‘तो विस्तवाने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु शिंपण्याचे साधन होण्याची योग्यता विस्तवाच्या ठिकाणी नसल्यामुळे त्यापासून यथार्थ बोध होत नाही. संगणकाच्या आज्ञावलीत याच जातीचा दोष कसा उद्भवतो आणि ती चालविण्यापूर्वीच तो कसा ओळखता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

आज्ञावलीतील फलन हे क्रियापदासारखे असते. क्रियापदाला जशी कारकांची, तशी फलनाला ठराविक मूल्यांची अपेक्षा असते. या मूल्यांना आपण आदाने म्हणू. आदानांची संख्या कमी पडली, तर आकांक्षा अपुरी राहते. संख्या बरोबर असूनही संख्येच्या जागी मजकूर अथवा यादीच्या जागी एकच शब्द आला, तर योग्यतेचा अभाव होतो. यालाच आदानाच्या प्रकाराची विसंगती म्हणतात.

आपल्या अभ्यासातीलच उदाहरण घेऊ. शब्दांची यादी घेऊन वारंवारता मोजणारे फलन एका विद्यार्थ्याने पायथन भाषेत लिहिले आहे, असे समजा. ‘मराठी भाषा’ हा मजकूर त्याने आधी दोन शब्दांत विभागावयास हवा होता. ते विसरून त्याने सबंध मजकूरच फलनाच्या स्वाधीन केला. पायथनच्या दृष्टीने मजकूर हीदेखील एक मालिकाच होय. त्यामुळे व्यंजने, स्वरचिन्हे आणि मधली मोकळी जागा असे दहा घटक मोजले जातात. संगणक मुळीच तक्रार करीत नाही. दोहोंऐवजी दहा हे उत्तर तो निमूटपणे देतो. आज्ञावली अडखळून थांबली असती, तर बरे झाले असते. येथे मात्र नीटनेटका तक्ता हाती येतो आणि त्यावर प्रबंधाचा निष्कर्ष उभा राहतो.

आज्ञावली न चालविता केवळ तिच्या लिखित रूपावरून केलेले परीक्षण म्हणजे स्थैतिक विश्लेषण. चालवून पाहिल्यास ज्या वाटेने आज्ञावली गेली, तेवढीच वाट तपासली जाते. स्थैतिक परीक्षक मात्र प्रत्येक पदावलीचा प्रकार अनुमानाने ठरवितो आणि फलनाच्या घोषित अपेक्षेशी तो ताडून पाहतो. सी भाषेचे प्रारंभीचे संकलक ही तुलना करीत नसत. ती उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘लिंट’ हा परीक्षक रचला. पुढे १९८९ च्या अमेरिकन मानकाने आदानांचे प्रकार घोषित करण्याची सोय भाषेतच केली. पायथनमध्ये अशा घोषणांची प्रमाणित पद्धती २०१५ मध्ये ३.५ या आवृत्तीबरोबर आली. परंतु पायथन स्वतः त्या घोषणांचे पालन करवून घेत नाही. ते काम ‘मायपाय’सारख्या स्वतंत्र परीक्षकाचे आहे.

वरील फलनाला ‘शब्दांची यादी’ हवी, असे घोषित केले, तर मायपाय ती चूक तत्काळ दाखवील. परंतु ‘मजकुरांची कोणतीही मालिका’ अशी सैल घोषणा केली, तर तो मौन पाळील; कारण पायथनमध्ये मजकुराचा प्रत्येक घटक हा पुन्हा मजकूरच असतो. दोष परीक्षकाचा नव्हे, घोषणेचा होय.

हीच मर्यादा अधिक मोठ्या प्रमाणावर १९९९ मध्ये दिसून आली. नासाचे मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करणारे यान त्या वर्षी नष्ट झाले. एका आज्ञावलीने आवेगाची मूल्ये पौंड-सेकंदांत लिहिली होती. दुसरीने ती न्यूटन-सेकंदांत आहेत असे मानले. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक होता. संख्या या नात्याने त्या मूल्यांत काहीच विसंगती नव्हती; विसंगती होती ती एककांत. एफ-शार्प भाषेप्रमाणे एककालाही प्रकारात स्थान देता येते; मात्र ते लेखकाने आरंभीच द्यावे लागते, आणि आज्ञावलींमधील देवघेवीतही टिकवावे लागते.

सारांश, परीक्षक योग्यता निर्माण करीत नाही. आपण शब्दांकित केलेली योग्यता तो निरपवादपणे पडताळतो. विस्तवाने शिंपता येत नाही, हे त्याला कोणीतरी आधी सांगितलेले असले पाहिजे. म्हणून प्रकारांची घोषणा हा केवळ तांत्रिक उपचार न मानता संशोधनातील व्याख्येइतक्याच काटेकोरपणे ती करणे, हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.