दशमुळांचे ऋण

दशमूलारिष्ट लिहिताना आम्हा वैद्यांची लेखणी अडखळत नाही. मात्र टेंटू, पाडळ, शिवण यांची मुळे खणली की बहुधा वृक्षच संपतो. हे ऋण कोणी फेडावे?

नांदेड-लातूरच्या तरुणांनी वनस्पतिसंवर्धन हे जीवनकार्य म्हणून निवडावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकावे, अथवा बी.ए.एम.एस.नंतर द्रव्यगुणात एम.डी. करावे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता समिती व लोकनोंदवही अपेक्षित आहे; तेथे झाड अचूक ओळखणारा जाणकार हवा. ही ओळख किनवटच्या जंगलात, आदिवासी जाणत्यांसोबत हिंडूनच पक्की होते.

वैद्यबंधूंनी आपल्या पाल्यास दवाखान्यासोबत एक रोपवाटिकाही वारशात द्यावी, ही विनंती.