दहा फूट उंची

१० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात मजूर गेले. ती बातमी देशभर पोहोचली. आपल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात मात्र माणूस बहुतेक वेळा एकटाच पडतो. कारखान्याच्या शेडवरून, रंगाच्या झुल्यावरून, नाहीतर साध्या शिडीवरून. पेपरात चार ओळी येतात, त्याही पोलिसांत नोंद झाली तर.

शाळेच्या रजिस्टरमध्ये वडिलांच्या व्यवसायापुढे आम्ही 'मजुरी' लिहून मोकळे होतो. सेंटरिंग, प्लास्टर, रंगकाम, पत्रे बसवणं, सगळं त्या एका शब्दात. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून इथलं बांधकाम थांबलेलं नाही. जिल्ह्याच्या कचेऱ्या, बुलेट ट्रेनचं बोईसर स्टेशन, आता वाढवण बंदर. मोठ्या साईटवर निदान गेटवर तरी हेल्मेट आणि पट्टा विचारतात. दोन दिवसांच्या किरकोळ कामावर कोण विचारणार? तिथे मालक आपणच असतो. ईदच्या आधी रंग काढायचा असतो, पावसाच्या आधी छत बघायचं असतं.

दहा फूट म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. हिशेब करून पाहा. दहा फुटांवरून पडलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो, आणि आदळताना त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. डोकं फरशीवर आपटलं, तर एवढं पुरतं.

शिडीची रीत फार अवघड नाही. चार फूट उंचीमागे एक फूट पाय भिंतीपासून बाहेर. बारा फुटांवर टेकवायची तर तीन फूट. छतावर उतरायचं असेल, तर शिडी कडेच्या वर तीन फूट यावी आणि वरचं टोक बांधलेलं असावं. डबा हातात घेऊन चढू नये, मागून दोरीने ओढून घ्यावा. गुळगुळीत लादीवर गोणपाट टाकून भागवतात, त्यापेक्षा खाली एक माणूस उभा करावा. विजेच्या तारेजवळ अ‍ॅल्युमिनियमची शिडी नकोच.

शिडीपेक्षाही दगा देतो तो सिमेंटचा पत्रा. आपल्याकडच्या पावसाने तो काही वर्षांत काळा, शेवाळलेला होतो आणि वरून दगडासारखा दिसतो. गळती बुजवायला चढलेला माणूस त्यावर पाय देतो आणि पत्र्यासकट खाली येतो. खालच्या लोखंडी आधारांवर जाड फळ्या आडव्या टाकून त्यांवरूनच चालायचं असतं. फळ्यांचं भाडं वाचवण्यात कसली काटकसर?

मृत्यू झालाच, तर पुढचे काही तास फार महत्त्वाचे असतात, आणि इथे आपली माणसं हमखास फसतात. मय्यत लवकर दफन व्हावी, ही घाई समजण्यासारखी आहे. पोस्टमॉर्टेमचं नाव काढलं की घरातल्या बाया रडू लागतात. त्यात ठेकेदार पुढे होऊन अ‍ॅम्ब्युलन्स देतो, रोख काही हजार हातावर ठेवतो आणि मय्यत थेट गावी रवाना होते. पोलीस नोंद नाही, पंचनामा नाही, पोस्टमॉर्टेमचा अहवाल नाही. मग माणूस कामावर असताना पडला, हे पुढे सिद्ध कशाने करणार? भरपाई मागायला जावं, तर हाती कागदच नसतो. बेवा चार महिने दहा दिवस इद्दतमध्ये. तोवर ठेकेदार दुसऱ्या साईटवर गेलेला असतो. म्हणून मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाने त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जावं आणि घरच्यांना पोस्टमॉर्टेमसाठी राजी करावं. हे काम बेवेवर सोडू नये.

राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असलेल्या कामगाराचा कामावर अपघाती मृत्यू झाला, तर वारसाला पाच लाख रुपये मिळतात. वय १८ ते ६० हवं, मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा आणि नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण हवं. दाखला ठेकेदार देतो. तो टाळाटाळ करत असेल, तर ग्रामसेवकाकडे मागता येतो. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांसाठी शिष्यवृत्तीही आहे, पहिली ते सातवीला वर्षाला २५०० रुपये आणि आठवी ते दहावीला ५०००. त्यासाठी हजेरी ७५ टक्के लागते. हजेरीचा दाखला शाळेतून मिळतो.