इंजिन उघडण्याआधी

जुन्या गाडीच्या इंजिनात किती जीव उरलाय ते पाहायचं असेल, तर चेण्याहून निघून गायमुखचा घाट चढावा आणि परत उतरावा. घोडबंदर रस्त्याचा हा तुकडा लांबीने फार नाही. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. पण चढ, उतार आणि मधली ठप्प कोंडी हे सगळं इथे एकाच फेरीत भेटतं, आणि थकलेलं इंजिन या प्रत्येक ठिकाणी वेगळी खूण दाखवतं.

चढावर गाडी ओढताना आरशात सतत निळसर धूर दिसत राहिला, तर संशय पिस्टनच्या रिंगवर घ्यावा. रिंग झिजल्या की ऑइल वर जळतं आणि ज्वलनाचा दाब खाली क्रँककेसमध्ये उतरतो. गॅरेजमध्ये याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून सैल करावं. ते थडथड उडू लागलं, ब्रीदरच्या नळीतून ठोक्याठोक्याने धूर येऊ लागला, तर संशय बळावतो. मात्र ब्रीदरची नळी चोंदली असली तरीही असंच होतं, म्हणून आधी ती साफ करून घ्यावी.

उताराचा धूर वेगळा. पेट्रोल गाडी अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरवर उतरते तेव्हा सिलिंडरात हवेची ओढ वाढते आणि हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधून आत खेचलं जातं. खाली येऊन पाय दिला की निळा झोत सुटतो आणि थोड्या वेळात विरतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या स्टार्टला असाच झोत सोडते. हे काम सील आणि गाइडचं, म्हणजे बहुतेक वेळा हेडपुरतं. निळा धूर दिसताच ‘इंजिन उतरवावं लागेल’ असं सांगणाऱ्याला हा फरक जरूर विचारावा, कारण दोन्ही कामांच्या खर्चात मोठं अंतर आहे.

काळ्या धुरासाठी इंजिन उघडायची सहसा गरज नसते. एअर फिल्टर, नोझल, पंप पाहावेत. पावसाळ्यात सकाळी निघणारी पांढरी वाफ इंजिन तापल्यावर गेली तर चिंता नको. ती गेलीच नाही आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासावं.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. घोडबंदरच्या कोंडीत इंजिन तासन्‌तास चालतं आणि मीटर मात्र जेमतेम सरकतो. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर पाहून बदललं तर उशीरच होतो.

खरा निकाल कॉम्प्रेशनच्या गेजवर लागतो. जुन्या पेट्रोल इंजिनात साधारण १२० ते १७० पीएसआय दाब मिळतो, डिझेलमध्ये साडेतीनशेच्या पुढे. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात पाहावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडर-सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त तफावत नको. पेट्रोल इंजिनात एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावं. दाब वाढला तर रिंग किंवा बोअर गेलंय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींमध्ये ही परीक्षा फार उपयोगाची होती. त्यांचं इंजिन १,०८९ सीसीचं, मुळात पेट्रोलसाठी बांधलेलं. पुढे अनेक टॅक्सी सीएनजीवर आल्या. हा गॅस कोरडा असल्याने जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटची फट कमी होते आणि दाब निसटतो. अशा वेळी पिस्टन ठीक असू शकतात. नव्या सीट आणि ग्राइंडिंगने भागतं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती. वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली.

एका बाबतीत मात्र थांबू नये. घाट उतरून कोंडीत उभं राहिल्यावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, तर इंजिन बंद करून पातळी पाहावी. पातळी ठीक असेल तर खरा गेज लावून दाब मोजावा, कारण कधीकधी सेन्सरच बिघडलेला असतो. दाब खरंच कमी असेल आणि ओझ्याखाली खालून जड ठोके येत असतील, तर बेअरिंग गेल्यात. तशीच चालवली तर क्रँक खराब होतो आणि प्रसंगी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

इंजिन उघडलंच तर बोअर आणि क्रँकचं माप आपल्यासमोर घ्यायला लावावं आणि लिहून मागावं. बोअर बहुधा पाव किंवा अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन बसवता येतात. लायनर असेल तर तो बदलता येतो. ब्लॉक आपलाच राहिला तर इंजिन नंबरही तोच राहतो. दुसरा ब्लॉक टाकला तर आरटीओत त्याची नोंद करून घ्यावी लागते. बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर मध्यम वेगात, वेग कमी-जास्त करत चालवावं, पहिलं ऑइल लवकर काढून टाकावं आणि तोवर भरल्या गाडीने गायमुख चढू नये.